चिंध्या कोण नेतं?

आमच्या घरात सोनंनाणं जपायची कधी वेळच आली नाही. जपल्या त्या चिंध्या, आणि त्याही लोखंडी पेटीत, कुलूप लावून. हसायचं त्यांनी खुशाल हसावं. साडी विरली की तिचा पडदा होतो, पडदा विटला की मिक्सरवर घालायचं झाकण, झाकणाचे दिवस भरले की फडकं, आणि फडक्याची लक्तरं झाली की ती उशीत भरायची. ह्यांच्या जुन्या पँटचा पाय कापून खालून दुहेरी टीप मारली आणि वर कमरेच्या पट्टीचे बंद लावले की दळण न्यायची पिशवी तयार. ती पिशवी घेऊन मी धारूरच्या बाजारात निघाले की भाजीवाली विचारायची, "बाई, आज साहेबाचा डावा पाय आणलाय का उजवा?" घरात आमचे हे म्हणायचे, "एका जागी फार वेळ बसलो तर मलापण कापशील तू." ते तहसीलमधून निवृत्त झालेले, मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून.

शाळेचं मुद्दाम सांगितलं. वर्गात कुणाची पेन्सिल हरवली की मी कधी एकाचीही झडती घेतली नाही. नुसती सगळ्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. ज्याला अचानक खिडकीबाहेरचं झाड आवडायला लागायचं, त्याच्या दप्तरात पेन्सिल असायची. निवृत्त झाल्यावर वर्ग सुटला, सवय काही सुटली नाही.

तर एका दुपारी पायपुसणं करायला मी पेटी उघडली. साडीच्या पट्ट्या फाडून त्यांची वेणी घालायची आणि ती गोल गुंडाळत शिवत जायची, एवढं सोपं काम. पण बोचकं उचललं आणि हाताला हलकं लागलं. सोडून पाहिलं तर ह्यांचे दोन जुने सदरे नाहीत. माझा सुती परकर नाही. आणि सगळ्यांत खाली घडी घालून ठेवलेली माझी पांढरी साडी, तीही नाही.

त्या साडीचं सांगायला हवं. पौर्णिमेला विहारात आम्ही बाया पांढरं नेसून जातो. नोकरी लागल्यावर त्यासाठी मी पहिली साडी घेतली ती ही. धुऊन धुऊन इतकी मऊ झाली होती की हातात धरली तरी धरल्यासारखी वाटायची नाही. नेसण्यासारखी राहिली नव्हती आणि कापायला माझा हात होत नव्हता. म्हणून ती बोचक्यात होती, पण बोचक्यातली नव्हती. तिला हात लावायचा नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

पेटीचं कुलूप शाबूत होतं. किल्ली दाराआडच्या खिळ्यावर जिथल्या तिथं. म्हणजे चोर बाहेरचा नव्हता.

पहिला संशय ह्यांच्यावर, कारण ह्यांना स्कूटर पुसायला रोज नवं फडकं लागतं. डिकी उघडून पाहिली. मीच दिलेलं बनियन होतं. "अगं, चिंध्याच हायत ना," हे म्हणाले. चिंध्याच हायत! ज्या माणसाच्या तीस वर्षांच्या सदऱ्यांनी घरातल्या सगळ्या उशांना अभ्रे पुरवले, त्यानं असं बोलावं? मी दोन दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

राहिली सून. आमचा मुलगा बीडला एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो, तिथंच एका मित्राच्या खोलीवर राहतो आणि शनिवारी संध्याकाळी घरी येतो. सून इथं आमच्याजवळ. पोरगी गुणाची, हात चलाख. लग्न होऊन आली तेव्हा तिला साधी तुरपाई येत नव्हती. मी शिकवली आणि वर्षभरात ती माझ्यापुढे गेली. माझे डोळे कमी झाल्यापासून मशीन तीच चालवायची. तीही माझ्याच वळणाची झाली, दोऱ्याचा तुकडासुद्धा रिळाला परत गुंडाळून ठेवणारी.

पण मागच्या वर्षापासून ती गप्प झाली होती. तिला दिवस गेले होते. हौसेनं तिनं टोपडं, झबली, चार पदरी चौघडी सगळं शिवून काढलं आणि गल्लीतल्या बायांनी ते हातात घेऊन घेऊन पाहिलं. चौथ्या महिन्यात मूल गेलं. मग त्याच बाया बसायला आल्या. कुणी म्हणालं, नवं कापड आधी आणायचं नसतं. कुणी म्हणालं, मशीन चालवली म्हणून झालं. आमच्यात असलं काही मानत नाहीत, असं आमचे हे तर तावातावानं दारातच बोलले, पण पोरीच्या कानात जायचं ते गेलं होतं. शिवलेलं सगळं तिनं माहेरी पाठवून दिलं.

म्हणून माझं गणित सोपं होतं. या गल्लीत तिचा जीव रमत नाही. नवरा बीडला. दोघं तिकडं खोली बघतायत. आणि नवा संसार मांडायचा म्हटलं की भांडी विकत मिळतात, गॅस मिळतो, फडकं कुठल्या दुकानात मिळतं? गरम पातेलं उतरवायला, ओटा पुसायला, भाकरी गुंडाळायला घरातलंच जुनं न्यावं लागतं. ती माझ्या पेटीतून तिचा संसार नेत होती.

एकदा संशय बसला की पुरावे आपोआप दारात येतात. सुनेचा दात दुखायला लागला. धारूरला दाताचा डॉक्टर असताना ती नवऱ्याबरोबर बीडला जायची, दर महिन्याला. परत आली की गाल सुजलेला नाही, तोंडाला औषधाचा वास नाही, आणि संध्याकाळी त्याच दातांनी भाजलेल्या शेंगा खायची.

"दात बरा हाय ना?" मी विचारलं.

"हाय आई, ठनकतो मधून मधून," ती म्हणाली आणि तिला अचानक अंगणातला लिंब बघावासा वाटला.

नळ आला की भरलेला हंडा ती उचलेना. कळशीनं पाणी भरायची. दुखतो दात आणि उचलत नाही हंडा, हे कुठलं दुखणं? मशीनवर बसेना. "पाय भरून येतात," म्हणे. मनानं माणूस घरातून निघाला की त्याचे हातपाय असेच जड होतात, असं मी मनाशी धरलं. हे सगळं लिहिताना माझं मलाच नवल वाटतं. वर्गभर पोरांची तोंडं वाचणारी बाई मी, समोर उघडं पुस्तक होतं आणि मी भलतंच वाचत होते.

खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती. मुलगा तसाही आठवड्यातून एकदा दिसतो. सून गेली की या घरात दोन म्हातारी माणसं आणि एक पेटी. पण भीती वाटते असं म्हणणं माझ्या तोंडाला जमत नाही, म्हणून मी भांडण काढलं. एका सकाळी बोचकं ओसरीवर आणून आपटलं.

"माझी पांढरी साडी कुणी नेली?"

"मला काय म्हाईत आई," सून कणीक मळता मळता म्हणाली. "मी कावून नेऊ तुमची साडी?"

"मग काय भूत नेतंय व्हय?"

शेजारच्या काकू भिंतीवरून डोकावल्या. काकूंच्या पोटात पाणी ठरेल, गोष्ट ठरत नाही. त्यांना मी सगळं सांगून टाकलं, खोलीचा संशयसुद्धा. दुपारपर्यंत बाईंच्या घरात चोरी झाल्याचं गल्लीला कळलं आणि संध्याकाळपर्यंत सून वेगळी निघाल्याचंही. सुनेनं ऐकलं, पण एका शब्दानं उलटून बोलली नाही. तेही मला संशयाचंच वाटलं.

उलगडा झाला तो उशीमुळं. ह्यांची उशी चपटी झाली होती म्हणून मी लक्तरांची पिशवी खाली काढली. आमच्याकडे कापडातलं काही म्हणजे काही फेकत नाहीत. कापताना पडलेल्या कडा, उसवलेल्या पट्ट्या, फाटके बंद, सगळं त्या पिशवीत जातं आणि कधीतरी उशीत भरलं जातं. मी मूठ घालून बाहेर काढलं तर हातात माझ्या पांढऱ्या साडीचा काठ आला. सबंध लांबीचा, कात्रीनं सरळ कापलेला.

चोरानं माल पचवला होता, पण काठ त्याला फेकवला नव्हता. मीच शिकवलं होतं तिला, फेकायचं नाही म्हणून.

आधी संताप आला. मग मी पिशवीच ओतली आणि खाली बसून एकेक वेगळं करायला लागले. ह्यांच्या सदऱ्यांच्या कॉलरी. बाह्यांच्या टोकाच्या पट्ट्या. बटणपट्टी, आणि तिच्यावरची बटणं काढून घेतलेली. बटणांचा डबा पाहिला तर त्यात ती होतीच. परकराचा नेफा. सगळ्या शिवणी, अगदी बगलेतल्या बोटभर शिवणीसुद्धा, दोन्ही बाजूंनी कापून टाकलेल्या. कापडात जे जे जाड, टोचणारं, कडक, ते सगळं माझ्यासमोर पडलं होतं. मधलं मऊ तेवढं गेलं होतं.

फडक्याची शिवण कुणी कापत नाही. पातेलं उतरवायला तर जाड कड बरी पडते. शिवणी अशा निवडून एकाच कामाला काढतात. माझ्या मुलाच्या वेळी माझ्या आईनं काढल्या होत्या, कारण नुकत्या जन्मलेल्या अंगाला काठाचा ओरखडा उठतो.

दात, हंडा, मशीन, बीड, सगळं एकदम जागेवर बसलं. मी तिथंच बसून रडले. आनंद झाला होता, पण त्याहून भीती मोठी होती, आणि ती पोरगी ही भीती एकटी वागवत होती. वर माझं भांडण. नवं कापड आणायचं नाही, मशीनवर बसायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. सांगितलं की गल्ली येऊन बसते, हे तिनं पाहिलेलं. आणि गल्लीला आमच्या घराकडं बघत बसायला लावलं होतं कुणी? मी.

काठ परत पिशवीच्या तळाशी कोंबले. ह्यांनाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी माझी नेसतीच, पण मऊ झालेली एक फिकी साडी घडी करून बोचक्यात सगळ्यांत वर ठेवली. दोन दिवसांत गेली. मग मी ओसरीवर येऊन भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं म्हणाले, "गेली बाई आजबी एक!"

"बाई, किल्ली कमरंला लावा की," काकू म्हणाल्या.

"म्हाताऱ्या कमरंला वजन पेलत न्हाई," मी म्हणाले. आत कणीक मळायचा आवाज थांबला. मी वळून पाहिलं नाही. किल्ली दाराआडच्या खिळ्यावरच राहिली.

पाचवा महिना लागला तेव्हा डॉक्टरांनी तिला सारखी ये-जा करू नका म्हणून बजावलं. मुलानं बीडलाच दवाखान्याजवळ एक खोली घेतली. जी खोली मी मनातल्या मनात शंभरदा पाहिली होती, तिच्यासाठी मीच फडकी बांधून दिली, चांगली जाड कडेची. निघताना सुनेनं माझ्या हातात एक गाठोडं दिलं. सोडलं नाही तरी मला कळलं. हातात धरूनही धरल्यासारखं वाटत नव्हतं.

"आई, हे पेटीत ठेवा," ती म्हणाली. "पर आत्ताच शिवू नका."

"न्हाई शिवत."

"एक टाकाबी न्हाई."

"न्हाई गं," मी म्हणाले. तिनं माझा हात गाडी सुटेपर्यंत सोडला नाही.

गाडी गेल्यावर काकू आल्याच. "गेली ना वेगळी? तुमचा संशय लई खरा निघाला, बाई." बाकीच्या बायाही आल्या, सुनांना नावं ठेवून झाली, माझी कीव करून झाली. मला माझी कीव केलेली अजिबात खपत नाही. तरी मी मान डोलावत बसले आणि म्हणत राहिले, "हो, गेली. चिंध्यासुद्धा घेऊन गेली." कुणाला काही कळू नये म्हणून मी बीडलाही कमीच गेले. त्या महिन्यांत कितीदा तरी पेटी उघडली आणि गाठोडं चाचपून बंद केली. मशीनवरचं झाकण काढलं नाही. आमच्यात असलं काही मानत नाहीत, तरीही.

फोन आला तेव्हा सकाळचा चहा चुलीवरच होता. मुलगा धड बोलतच नव्हता. "आई, झाली. दोगीबी बऱ्या हायत," एवढंच तीन-चारदा म्हणाला. हे बूट शोधायला धावले. मी पेटीकडे गेले. गाठोड्यातले तुकडे एकसारखे चौकोनी, चारही कडा सुतात कापलेल्या. सगळ्यांत वर माझी पांढरी साडी. सुईत दोरा ओवायला मला ह्यांना हाक मारावी लागली. मग मी मशीनवर बसले आणि पाय टाकला.

इतक्या महिन्यांनी आवाज ऐकून काकू भिंतीवरून ओरडल्या, "बाई, मशीन चालू झाली जणू! चोर घावला का काय?"

"घावला," मी टीप न थांबवता म्हणाले. "पोरगी हाय."