क्लचची मोकळी चाल

मुलांनो,

मळवलीच्या घरामागे जी शेड आहे, तिच्या जमिनीत एक लांबट खड्डा आहे. सुट्टीत आलात की तुम्ही त्यात उतरून लपायचात आणि हा कशाला खणलाय म्हणून विचारायचात. मी दर वेळी दुसरंच काही बोलायला लागायचे. आता शेड भाड्याने घेणाऱ्यांना तिथे सपाट जमीन हवी आहे. सोमवारी गवंडी येतील आणि खड्डा मुरुमाने भरून टाकतील. तो बुजल्यावर विचारायलाही काही उरणार नाही, म्हणून आज लिहायला बसले.

गाडीच्या खाली उतरून काम करता यावं म्हणून तुमच्या आजोबांनी तो खड्डा खणून घेतला होता. गाडी विलायती होती. दोन माणसांची, बुटकी, उघड्या टपाची. मायदेशी परतणाऱ्या एका इंग्रज साहेबाकडून त्यांनी ती पन्नासच्या दशकात घेतली. ती शर्यतीसाठी बनवलेली होती, आणि आमच्या लग्नानंतरची काही वर्षं ते विमानांच्या एका जुन्या धावपट्टीवर ती शर्यतीत पळवतही असत. मला तिचं फारसं प्रेम नव्हतं. साडी नेसून तिच्यात बसणं म्हणजे जमिनीवर पाय पसरून बसण्यासारखं होतं. खंडाळ्यापर्यंत जाऊन आलं की अंबाड्यातून धूळ निघायची. पण आठवडाभर आगगाडीने चिंचवडच्या कारखान्यात जाणारा हा अबोल इंजिनिअर रविवारी त्या गाडीत बसला की शीळ घालायचा. ती ऐकायला मिळायची म्हणून मी शेजारी बसायचे.

साठच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यांच्या डाव्या पायातली चप्पल निसटायला लागली. चप्पल मागे राहायची आणि त्यांना कळायचंही नाही. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की स्नायू वाळत चालले आहेत, हे हळूहळू वर चढत जाणार, आणि यावर औषध नाही. परतीच्या आगगाडीत आजोबा खिडकीबाहेर बघत बसले होते. घोरावाडी स्टेशन मागे पडल्यावर ते माझ्याकडे वळले.

"क्लच हलका करता येईल," ते म्हणाले.

त्यांना एवढंच हवं होतं. पाय जाणार हे त्यांनी ऐकून घेतलं होतं. गाडी जाऊ द्यायची त्यांची तयारी नव्हती. आणि गाडी हातात राहणार की नाही, ते डाव्या पायाखालच्या त्या पेडलवर अवलंबून होतं. गिअर बदलायचा तर दर वेळी क्लच दाबायला हवा, आणि त्या गाडीचा क्लच मुळातच जड होता. मी दोन्ही हातांनी सीट धरून दाबला तरच तो तळाला जायचा.

पेडल दाबलं की एक लोखंडी दांडा मास्टर सिलिंडरमध्ये शिरतो, तो तेल पुढे ढकलतो आणि त्या तेलाच्या जोराने क्लच सुटतो. गाडीचा मूळ सिलिंडर जाड नळकांड्याचा होता. आजोबांनी तो काढला आणि मुंबईहून दुसऱ्याच कारखान्याचा, बारीक नळकांड्याचा सिलिंडर मागवला. त्याला पायाचा जोर कमी लागतो. मात्र तो तेलही कमी ढकलतो. हे सगळं त्यांनी मला आकृती काढून समजावलं होतं. दुसरी गोष्ट सांगताना त्यांनी पेन्सिल खाली ठेवली होती.

सिलिंडर बसवायला लोणावळ्याहून भाऊ मेकॅनिक आले. मुंबई रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं. घाट चढून येणाऱ्या ट्रकांचे जळके क्लच बदलणं हाच त्यांचा मुख्य धंदा, त्यामुळे त्या गॅरेजपाशी कायम एक कडवट वास असे. मग रविवारमागून रविवार तेच चाललं. भाऊ खड्ड्यात उतरून तेलाच्या नळीतली हवा काढत. मी चालकाच्या जागी बसून पेडल मारत असे. खालून भाऊंचा आवाज यायचा, दाबा वयनी, धरा, आता सोडा. हवा निघाली की आजोबा स्टिअरिंगखाली डोकं घालून उताणे पडत आणि पान्याने दांड्याची लांबी कमीजास्त करत. गाडीचं इंग्रजी पुस्तक मी मोठ्याने वाचायचे. त्यातल्या एका वाक्याशी आम्ही दर वेळी येऊन अडायचो: दांडा आणि आतला दट्ट्या यांच्यात किंचित मोकळी चाल राहिलीच पाहिजे.

ती नसली तर पाय उचलल्यावरही तेल सिलिंडरवरच्या छोट्या टाकीत परत जात नाही. क्लच पुरता धरत नाही, चढावर घसरतो आणि जळतो. ती ठेवायला दांडा आखूड करावा, तर क्लच पुरता सुटत नाही आणि गिअर टाकताना करकर होते. जुन्या सिलिंडरला या दोन्हींच्या मधे जागा होती. या बारीक सिलिंडरला ती जवळजवळ नव्हतीच. इंजिनिअरला हे पहिल्याच दिवशी कळलं असणार.

"सायेब, गेर कुरकुरतोय," भाऊ म्हणायचे.

"मग दांडा लांब करतो."

"करा. पन आता वयनींचं पुस्तक वरडंल."

आजोबा हसायचे आणि अर्धा आटा फिरवायचे. पुढच्या रविवारी तो अर्धा आटा परत मागे यायचा. मधल्या आठवड्यात पाय आणखी बारीक झालेला असायचा. पेडल आम्ही थोडं हलकं केलं की तेवढ्यात पायाला तेही जड होऊन जाई.

एकदा हवा काढून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, कसं लागतंय. हलकं लागतंय, मी म्हटलं.

"खरं सांग."

"अहो, खरंच हलकं आहे. बोटाने दाबावं इतकं."

मी उतरले, ते बसले. पाय पेडलवर ठेवला आणि दोन्ही तळहात गुडघ्यावर टेकून गुडघा खाली रेटला. पेडल गेलं. मग त्यांनी हात उचलून स्टिअरिंगवर ठेवले आणि पुन्हा दाबून पाहिलं. या वेळी अर्ध्यातच थांबलं. भाऊ खड्ड्यातून हे बघत होते. त्यांनी मान खाली घालून हात पुसायला घेतले.

भातकापणीच्या दिवसांत एका रविवारी मात्र सगळं जमलं. दांडा कुठेतरी असा बसला की मोकळी चालही होती आणि गिअरही आवाज न करता पडत होता. त्या सकाळी पायातही काय जोर होता कोण जाणे. आजोबा म्हणाले, चल, औंढे गावापर्यंत जाऊन येऊ. सपाटीवर गाडी छान पळाली. दोनदा त्यांनी हाताची मदत न घेता गिअर बदलला, आणि दुसऱ्या वेळी शीळ घातली. मी पदर डोक्यावरून घेऊन बसले होते. त्या दहा मिनिटांत मलाही वाटलं की डॉक्टरांचं चुकलं असेल.

औंढ्याच्या अलीकडे चढ लागला. इंजिनाचा आवाज वाढत गेला आणि गाडी हळू होत गेली. भाऊंच्या गॅरेजपाशी यायचा तो वास आमच्या पायांखालून यायला लागला. तेल तापलं होतं आणि किंचित होती ती चाल संपली होती. गाडी थांबली आणि मागे सरकू लागली. आजोबांनी उजव्या पायाने ब्रेक दाबून धरला आणि तसेच बसून राहिले.

शेजारच्या खाचरात भात कापणारी माणसं विळे ठेवून रस्त्यावर आली.

"इंजान लय वरडतंय, पन गाडी न्हाई हालत," एक जण म्हणाला.

"बैलं आनू का?" दुसऱ्याने विचारलं.

"नगं. असलं बुटकं जनावर बगून बैलं बुजत्याल."

सगळे हसले, आजोबाही हसले. क्लच जरा बिघडलाय म्हणून ते सांगू लागले, तोच त्यांच्यातले एक वयस्क आबा पुढे झाले. त्यांनी मला उतरायला सांगितलं. मग ते आजोबांच्या बाजूला गेले आणि दारावर हात ठेवून हळूच म्हणाले, "तुमी बसून ऱ्हावा सायेब. पायाचं ऱ्हाऊ द्या. नुसतं हातानं वळवा, आमी ढकलतो."

आजोबांनी आजाराबद्दल कुणालाही सांगितलं नव्हतं. कारखान्यातही गुडघा दुखतो एवढंच म्हणत. आबांकडे त्यांनी क्षणभर पाहिलं आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

माणसांनी गाडी फिरवून उताराला लावली आणि पुढे सपाटीवर ढकलत आणली. मी बायांबरोबर मागून चालत होते. त्यांतल्या एकीने किती दिस झालं म्हणून विचारलं. वर्ष होऊन गेलं, मी म्हटलं. व्हय, ती म्हणाली, सायेब टेसनावरनं येताना आमी बगतो की.

शेडमध्ये आल्यावर आजोबा बराच वेळ गाडीतून उतरले नाहीत. मी चहा नेऊन दिला तेव्हा म्हणाले, "भाऊंना निरोप दे. जुना सिलिंडर परत बसवायचाय."

"तो तुम्हाला दाबता कसा येईल?"

"मला नाही. जो घेईल त्याला."

भाऊंनी जुन्या सिलिंडरला नवं रबर घातलं, क्लचची प्लेट बदलली. दांड्याची लांबी आजोबांनीच लावली, आणि या वेळी सकाळ संपायच्या आत काम झालं. मी सीट धरून सगळा जोर लावून पेडल दाबलं. मोकळी चाल पुस्तकात म्हटल्याप्रमाणे अगदी किंचित होती. मी पुस्तक मिटलं तेव्हा भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, पण त्या दिवशी थट्टा केली नाही.

गाडी घ्यायला मुंबईहून एक तरुण गृहस्थ आले. गाडीत बसून त्यांनी दोन-तीनदा पेडल मारून बघितलं.

"क्लच जरा जड आहे, नाही?"

"असाच असतो," आजोबा म्हणाले. "नीट बसलाय तो."

आम्ही फाटकाशी उभे राहिलो. गाडी मुंबई रस्त्याच्या चढाला लागेपर्यंत आवाज येत होता. पहिला गिअर, दुसरा, मग तिसरा. कुठेही करकर झाली नाही. आवाज संपल्यावर आजोबांनी मला शेडचं दार लावून यायला सांगितलं आणि खांबाला धरून घरात गेले.

पुढे उजवा पाय गेला, मग हात. ती वर्षं मी इथे लिहीत नाही. तुमच्या आईने ती पाहिली आहेत.

त्या गाडीचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही. भाऊ आता नाहीत, त्यांचं गॅरेजही नाही. पुस्तक गाडीबरोबर गेलं. तो बारीक सिलिंडर मात्र माझ्याकडे आहे, स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर एका डब्यात. आतलं रबर चिकटून बसलं आहे. दांडा दाबला तरी आता आत जात नाही.