साहेब डेटाबेस अडवून जेवायला गेले

स्पिरिटचा वास आला की बुओना व्हिस्टाच्या प्रयोगशाळेतली ती दुपार आठवते आणि आजही डोकं तापतं. आमच्या संशोधनासाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या बेडोकहून एक चिनी आजी उपाशीपोटी रक्त द्यायला आल्या होत्या. रक्त मी यंत्रात घातलं, पण मी लिहिलेल्या प्रोग्रॅममधून आकडे डेटाबेसमध्ये जाईनात. तिथे एकजण बदल करत असला की त्याचं संपेपर्यंत दुसऱ्याला लिहिता येत नाही, नाहीतर नोंदींची सरमिसळ होते. नियम बरोबरच होता. पण आमचे साहेब बदल अर्धवट ठेवून, डेटाबेसला लागलेलं कुलूप तसंच सोडून जेवायला गेले होते आणि फोनही उचलत नव्हते. वाट पाहून यंत्र मध्येच बंद पडलं, आकडे गेले आणि त्यात घातलेलं रक्त वाया गेलं. ते परतल्यावर मी स्क्रीनवर कुलपापुढे त्यांचंच नाव दाखवलं, तर सगळ्यांसमोर म्हणाले, "तुझा प्रोग्रॅमच कच्चा आहे!" आजींना फोन मात्र मलाच करावा लागला. "आंटी, पुन्हा याल का?" "कॅन, कॅन," म्हणजे येईन की, असं त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "माझं काही चुकलं का?" आता माझ्या टीममध्ये अर्धवट सोडलेला बदल प्रोग्रॅम स्वतःच रद्द करतो, अगदी माझासुद्धा. पण आजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर साहेबांनी द्यायला हवं होतं, आणि ते मीच दिलं.