अक्कांची किडनी, समितीचे प्रश्न

अवयवदानाच्या कामात हसण्यासारखं काही घडतं, असं मला कोणी सांगितलं असतं तर मी त्यालाच वेड्यात काढलं असतं. विषय केवढा गंभीर! पण जळगाव-धुळ्याकडची गावं सरकारी जीपमधून पालथी घालायला लागले आणि परतताना आमचे ड्रायव्हर सलीमभाई रोज विचारू लागले, "ताई, आज काय झालं?" त्यांना सांगता सांगता किश्श्यांचा साठा एवढा वाढला की आता घरी पाहुणे आले तरी तेच विचारतात.

*

पहिलाच पारोळ्याकडचा. मंदिराच्या मंडपात शिबिर घेतलं. मरणानंतर आपले डोळे, किडनी, लिव्हर कोणाच्या तरी कामी येतात, हे जीव तोडून सांगितलं. लोकांनी भराभर नावं दिली. मी हवेत!

दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलात पोचते तर दारात म्हातारी मंडळी ओळीने बसलेली. प्रत्येकाजवळ पिशवी, पिशवीत टॉवेल आणि कपड्यांचा जोड. त्याच मंडपात मागच्या महिन्यात मोतीबिंदूचं शिबिर झालं होतं. तेव्हा त्यांना सांगितलेलं, उद्या उपाशीपोटी या. सरकारी शिबिराची रीत हीच, असं मंडळींनी धरून ठेवलं होतं.

मी हात जोडून म्हटलं, "आबा, हे मेल्यानंतरचं आहे."

पुढे बसलेल्या आबांनी मागच्यांकडे एकदा पाहिलं. "मंग आते चहा तरी पाजा. बठ्ठा जण उपाशी उनूत."

*

चहा पिऊन सगळे उठले. एक बाई मात्र उठेना. हिराअक्का. त्यांनाही मी तेच समजावलं, तर माझ्यावरच डाफरल्या. "मी मरानी वाट कसाले देखू? मनी सूनले आत्तेच पाहिजे."

सून रेखा डायलिसिसवर होती. नवऱ्याचा रक्तगट जुळत नव्हता, आईला शुगर. अक्कांच्या तपासण्या केल्या आणि सगळं जुळलं! मी अक्षरशः जिना धावत उतरले.

अडचण पुढे होती. रक्ताच्या नात्यातलं कोणी किडनी देत असेल तर काम सोपं. सासूला मात्र परवानगी देणाऱ्या सरकारी समितीपुढे उभं राहावं लागतं. पैसे चारून किंवा धाक घालून कोणी कोणाची किडनी काढून घेऊ नये, म्हणून. नियम चांगलाच आहे, पण समितीने नाही म्हटलं तर रेखाचं मशीन काही सुटणार नव्हतं. हे सगळं अक्कांना नीट सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं की समितीत सासवा किती आहेत.

*

तारखेची वाट बघत असतानाच धुळ्याचा तो दिवस आला. एका घराने आपला माणूस गेल्यावर त्याचे अवयव दिले होते आणि ते अँब्युलन्समधून निघायचे होते. पोलिसांनी चौक मोकळा केला, शिट्ट्या वाजल्या, गर्दी जमली. माझ्या अंगावर काटा!

तेवढ्यात एक कार्यकर्ते हार घेऊन धावत आले. रस्ता मोकळा झाला म्हणजे मंत्री येणार, हा त्यांचा आयुष्यभराचा अनुभव. अँब्युलन्स सुसाट निघून गेली. त्यांनी सलीमभाईंना विचारलं, साहेब कुठल्या खात्याचे? सलीमभाई म्हणाले, साहेब नव्हते, आत एकाची किडनी होती.

कार्यकर्त्यांनी हार गुंडाळून पिशवीत ठेवला. मग म्हणाले, "गाडी न थांबता गेली आणि बरं वाटलं, असं पहिल्यांदाच झालं."

*

अखेर समितीचं बोलावणं आलं. नाशिकला जायचं होतं. अक्का आणि रेखा बरोबर, साक्षीला त्यांच्या शेजारच्या सुमनबाई. मी त्यांना वाटभर बजावलं, जे आहे तेच सांगा, घाबरू नका. त्या अजिबात घाबरल्या नाहीत.

सासू-सुनेचं कसं आहे, असं विचारल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, "रोज भांडतात."

समितीच्या साहेबांनी विचारलं, कशावरून? तेव्हा कुठे सुमनबाईंनी उलगडा केला. डायलिसिसमुळे रेखाला पाणी बेताचंच प्यायचं होतं. ती चोरून प्यायची. अक्का माठाला खेटून खाट टाकून बसायच्या आणि दिवसभर आरडाओरडा चालायचा.

मग अक्कांची पाळी. साहेबांनी त्यांना जवळ बसवून विचारलं, किडनीबाबत तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?

"शे ना," अक्का म्हणाल्या. म्हणजे, आहे!

साहेबांचं पेन थांबलं. मला तर बाहेर पळून जावंसं वाटलं. कोणाचा, असं त्यांनी विचारताच अक्कांनी बोट थेट रेखाकडे केलं. "हिना दबाव. रोज मनामांगे लागस. देऊ नका, देऊ नका."

साहेब रेखाकडे वळले. ती केव्हाची रडत होती. पदराने नाक पुसत म्हणाली, "यांना काही झालं तर मी भांडू कोणाशी?"

परवानगी मिळाली. सलीमभाईंनी गाडी थांबवून सगळ्यांना शेवभाजी खाऊ घातली.

*

ऑपरेशन झालं, दोघी बऱ्या होऊन घरी आल्या. पुढे जळगावला सरकारतर्फे जिवंतपणी अवयव देणाऱ्यांचा सत्कार होता. सभागृह गच्च भरलेलं. अक्का नवं लुगडं नेसून स्टेजवर, रेखा पहिल्या रांगेत. शाल झाली, नारळ झाला. निवेदिकेने माइक हातात घेतला. ती म्हणाली, धन्य ही माउली, हिने सुनेला सून मानलंच नाही, पोटची लेक मानून किडनी दिली!

टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्कांनी नारळ खाली ठेवला आणि तिच्या हातातला माइक काढून घेतला.

"लेक नही," त्या म्हणाल्या. "लेकले त कोनीबी देस. मी सूनले दिन्ही."