घारीचे कोरडे डोळे

कारखान्याच्या शेडमध्ये त्याला सगळे घार म्हणत. जमिनीपासून चाळीस फुटांवर, काचेच्या केबिनमध्ये बसून तो सव्वीस वर्षं क्रेन चालवत होता. खाली कोणी हातमोजे न घालता साखळीला हात लावला, की वरून माइकवर आवाज यायचा, “ओ पाहुणे, बोटं जास्तीची आणलीत का?” माणूस दचकून वर बघायचा आणि बाकीचे हसायचे.

काम एकच. ट्रकमधून पत्र्याची बारा टनांची गुंडाळी उचलायची, शेडभर फिरवायची आणि लाकडी ठोकळ्यांवर अलगद बसवायची. खालचा माणूस हाताने खुणा करायचा. बोट वर केलं की उचल, तळवा खाली केला की उतरव, मूठ दाखवली की थांब. गेली नऊ वर्षं खुणा करणारा हा माणूस म्हणजे घारीचा मेव्हणा. त्याला कामाला लावलं ते घारीनेच. त्यामुळे घरी पाऊल टाकताच बायकोचा पहिला प्रश्न ठरलेला असे, “माझा भाऊ धडधाकट आहे ना?” स्वतःच्या तब्येतीची चौकशी दुसऱ्या क्रमांकावर असते, हे घारीने मान्य करून टाकलं होतं.

ज्याने त्याला क्रेन शिकवली, त्या म्हाताऱ्याने पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “भार हवेत असेपर्यंत पापणी हलवायची नाही. डोळ्यांची सुट्टी भार टेकल्यावर.” शेडमधले सगळे जुने ऑपरेटर तसेच शिकले होते. घारीने ते इतकं अंगी बाणवलं होतं, की जेवताना समोरच्याकडेही तो टक लावून बघत बसे. बायको म्हणायची, “अहो, मी काय हुकला टांगलेली आहे?”

मंगळवारी त्याला ताप आला. शुक्रवारी तीन पायऱ्या चढताना तो मधेच बसला. तापाचा विषाणू छातीत उतरला होता. इस्पितळात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क आला, आणि उशाशी रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं यंत्र. पहिल्या दिवशी यंत्रावर आकडा होता सत्त्याऐंशी.

घारीने त्या आकड्यावर नजर रोखली. आकडा वर जातोय की खाली, याच्यावर सगळं लटकलेलं आहे हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. तो तास-तास बघत राही. मास्क नाकाच्या कडेला नीट बसत नव्हता. तिथून निसटणारी कोरडी हवा सरळ त्याच्या उघड्या डोळ्यांत जाई. दिवसरात्र, अकरा दिवस.

चौथ्या दिवशी शेजारच्या खाटेवरचे निवृत्त मास्तर म्हणाले, “सिस्टर, माझ्या डोळ्यांत कोणीतरी वाळूचा ट्रक रिकामा केलाय. बांधकाम काढणार आहात का?”

सिस्टर हसली. “या वॉर्डात पुष्कळ जण तेच म्हणतात, मास्तर. डोळे लाल होतात, खुपतात. डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावते, थेंब देतील.” मग तिने घारीकडे बघितलं. “तुमचेही लाल दिसतात. आणि तुम्ही पापणी मिटतच नाही हो! मास्कची पट्टी आवळू का?”

“नको, नाक दुखतं.”

“डोळे खुपतात?”

खुपत होते. सकाळी पापण्या चिकटलेल्या असत. दुपारनंतर समोरच्या भिंतीवरचं घड्याळ धुक्यात जाई. “नाही,” घार म्हणाला. आणि ती कागद उचलू लागली तसा पुन्हा म्हणाला, “डोळ्यांचं काही लिहू नका सिस्टर.”

त्याचा हिशेब साधा होता. घरी सोडताना इस्पितळाचा जो कागद मिळतो, तो कारखान्याच्या डॉक्टरांच्या टेबलावर जातो. त्यात डोळे हा शब्द आला, की केबिन गेली. गोदामात खुर्ची मिळेल, दोन वेळ चहा मिळेल. पण वरून उतरवलेला ऑपरेटर पुन्हा वर गेल्याचं शेडमध्ये कोणी पाहिलं नव्हतं. मास्तरांनी थेंब घेतले. घारीने घेतले नाहीत. राउंडला येणारे डॉक्टर खोकला विचारत, धाप विचारत, भूक विचारत. बाराव्या दिवशी आकडा शहाण्णव झाला आणि तो घरी आला.

महिनाभराने कारखान्यात तपासणी झाली. समोर अक्षरांचा तक्ता होता. घारीने घरी बसून एक गोष्ट हेरून ठेवली होती. डोळे घट्ट मिटून उघडले की दोन-तीन सेकंद सगळं लख्ख दिसतं, मग पुन्हा धूसर होतं. त्याने ओळीगणिक डोळे मिटले आणि धडाधड वाचून काढलं.

“एवढ्या घाईने कुठे निघालात?” डॉक्टर म्हणाले.

“वर, साहेब.”

डॉक्टर हसले आणि त्यांनी सही केली.

पहिला आठवडा निभावला. सकाळची पाळी, भार कमी. केबिनमधला पंखा त्याने बंद ठेवला, घाम गाळत बसला. घरी तो दर तासाला डोळ्यांवर पाणी मारी. बायको दारात उभी राहून बघे. “अहो, डॉक्टरांना दाखवा की.” “धूळ आहे शेडमध्ये.” “धूळ काय यंदाच आली?” यावर त्याने टॉवेलात तोंड खुपसलं.

दुसऱ्या आठवड्यात, दुपारी, गुंडाळी ठोकळ्यांवर उतरवताना मेव्हण्याचा हात दिसला, पण हाताचं टोक दिसलं नाही. तळवा की मूठ? भार हवेत होता आणि पापणी मिटेना, सव्वीस वर्षांचं वळण होतं ते. एरवी या टप्प्यावर तळवाच असतो. त्याने क्रेनचा दांडा पुढे सारला आणि गुंडाळी उतरली. खालून कोणीतरी ओरडलं. घारीने दांडा मागे खेचला.

पाच मिनिटांनी मेव्हणा शिडी चढून केबिनच्या दारात आला. त्याच्या बुटाच्या टोकावर ओरखडा होता.

“भाऊजी, मी मूठ दाखवली होती.”

घारीने डोळे चोळले.

“ठोकळा सरकला होता म्हणून वाकलो होतो. दिसलो नाही?” त्याने वाकून घारीच्या डोळ्यांत पाहिलं. “अरे बापरे. हे कधीपासून?”

“इस्पितळापासून.”

“ताईला माहीत आहे?”

“तिला सांगितलंस तर ती आजच मला खाली बसवेल.”

“तिने नको बसवायला?”

“होईल बरं. थोडे दिवस काढू.”

मेव्हण्याने खाली बघितलं. नऊ वर्षांपूर्वी याच शिडीखाली उभा राहून घारीने त्याच्यासाठी फोरमनपुढे शब्द टाकला होता. त्याने बुटावरच्या ओरखड्यावरून बोट फिरवलं. मग म्हणाला, “शिट्टी आणतो. एक वाजली की उचल, दोन की उतरव, तीन की थांब. हाताकडे बघूच नका.”

“ऐकू येईल?”

“तुमचे कान शाबूत आहेत ना? का तेही तिथेच ठेवून आलात?”

दोघंही हसले. त्या हसण्यावर ठरलं.

तीन दिवस शिट्टीवर काम चाललं. फोरमनने विचारलं, तर मेव्हणा म्हणाला, “हात दुखतो साहेब.” चौथ्या दिवशी मोठी ऑर्डर होती. शेडच्या दोन्ही टोकांना ग्राइंडर चालू होते आणि क्रेनच्या वाटेलगत गॅस कटर फुरफुरत होता. गुंडाळी हवेतच ठोकळ्यांच्या वर येऊन थांबली. घारीला खाली करड्या रंगाच्या डागांपलीकडे काही दिसत नव्हतं. डोळे घट्ट मिटून उघडायची युक्ती सकाळपासून चालेनाशी झाली होती.

शिट्टी वाजली. पुन्हा वाजली. आणि त्याच क्षणी ग्राइंडर किंचाळला.

तिसरी वाजली असेल, नसेल. घार कान देऊन राहिला. गुंडाळी किंचित हेलकावे खात होती, साखळी करकरत होती. दांड्यावरचा हात घामाने निसटत होता.

“ओ ऑपरेटर!” स्पीकरवर फोरमनचा आवाज आला. “डुलकी लागली का? दोन शिट्ट्या वाजल्यात ना, उतरवा!”

फोरमन ऑफिसच्या काचेमागून बोलत होता. त्याने दोनच ऐकल्या होत्या. घारीनेही दोनच ऐकल्या होत्या. त्याने दांडा बोटभर पुढे नेला. मग हात काढून घेतला, मुख्य बटण दाबून क्रेनचा वीजपुरवठा तोडला आणि माइक तोंडाशी धरला.

“मशिनं बंद करा,” तो म्हणाला. “मला दिसत नाहीये.”

आधी कटर विझला. मग एक ग्राइंडर थांबला, मग दुसरा. माणसं एकेक करून वर बघू लागली असावीत. ती त्याला दिसत नव्हती. बारा टन पत्रा हवेत तसाच होता.

“भाराखाली कोणी आहे का?” त्याने विचारलं.

त्याने केबिनची काच सरकवली.

“मी आहे, भाऊजी,” मेव्हण्याचा आवाज आला. तो बरोबर हुकाच्या खालून आला होता. “पाय ठोकळ्यांत अडकलाय. तीन वाजवल्या होत्या मी.”