उतरताना मोजलेले धोंडे

माघ सरत आला की आमच्या गडब गावामागच्या डोंगराला राबाचा वास येतो. शेण आणि पालापाचोळा शेतात पसरून जाळतात, त्याचा धूर आंब्याच्या मोहोरात मिसळून दुपारपर्यंत आमच्या अंगणात रेंगाळतो. कुणाला तो वास बरा वाटत असेल. माझी त्याने मान दुखते. याच दिवसांत वर्षानुवर्षे मी त्या डोंगरावरून लाकडांचे भारे आणले, आणि मानेला ते अजून ठाऊक आहे.

वाट एका पावलाएवढी. तिच्या कडेला चार धोंडे उभे केलेले आहेत, खांद्याएवढे उंच, माथ्याला सपाट. डोक्यावरचा भारा जमिनीवर टाकला तर एकटीला तो पुन्हा उचलता येत नाही, म्हणून आमच्या आधीच्या बायकांनी ही सोय करून ठेवली. उभ्यानेच भारा धोंड्यावर सरकवायचा, मान मोकळी करायची, श्वास घ्यायचा आणि पुन्हा डोके भाऱ्याखाली घालून निघायचे. घरोघरी गॅस आला आणि बायकांची ती वाट मोडली. आता तिथून गुरे जातात, आणि दोन वर्षांपासून रविवारी जाड टायरच्या सायकली.

त्या रविवारी तिघे आले. पेणच्या रामवाडीतले दोन पुरुष आणि रोह्याची एक शिक्षिका, चाळिशीची, मनीषा नावाची. त्यांनी गाडी आमच्या अंगणात लावली, टपावरच्या सायकली उतरवल्या. चांगला डांबरी रस्ता सोडून त्यांना पायवाटाच हव्या होत्या. ज्या वाटेतून सुटायला मी देवाला नारळ बोलले होते, ती शोधत ही माणसे पहाटे उठून आली होती. मला हसूही आले नाही. सड्यावर, डोंगरमाथ्याच्या सपाटीवर, जाणारी वाट कुठे फुटते, असे मनीषाने विचारले. मी वाल सोलत होते. मान वर न करता सांगितले, तिसऱ्या धोंड्याशी, डाव्या हाताला. नक्की ना, असे तिने पुन्हा विचारले तेव्हा मला राग आला. डोळे मिटून सांगते आहे, म्हटले. सड्याला वळसा घालून अकरापर्यंत परत येतो म्हणून ते गेले.

बारा वाजले, एक वाजला. गाडी अंगणात तापत उभी. मनीषाने सुनेला नंबर देऊन ठेवला होता, तो लागेना. मुलगा कंपनीत, पहिल्या शिफ्टला. दोन वाजता मी पदर खोचला. सून सुनंदा म्हणाली, "आई, येताय तर गुडघे घरी ठेवून या." पण पाण्याची बाटली तिनेच भरून घेतली.

किती वर्षांनी चढत होते ते आठवत नाही. काटेसावरीची लाल फुले वाटेवर पडून काळी पडलेली, करवंदीचे काटे लुगड्याला ओढत होते. पहिला धोंडा हट्टाने ओलांडला. दुसऱ्याशी छाती भरली आणि मी त्याला धरून उभी राहिले. एके काळी माझ्या खांद्याला लागणारा तो माथा आता कानापर्यंत आला होता. धोंडा काही वाढत नाही. तिथे टेकून धापा टाकताना कळले, की चढताना या धोंड्याशी मी जन्मात थांबले नव्हते. चढताना डोके रिकामे, पाय तरणे. हे दगड दिसायचेसुद्धा नाहीत. जे मोजले ते उतरताना, ओझ्याखाली. माझा तिसरा म्हणजे वरून तिसरा. तोच हा, खालून दुसरा. आणि माझा डावा हात म्हणजे चढणाऱ्याचा उजवा.

खालून तिसऱ्याशी डावीकडे गुरांची वाट आहे. दिसायला छान, रुंद, आणि पुढे घळीत तुटलेली.

सुनंदाला सांगितले, पळ. ती पळाली. मी मागून जाईपर्यंत तिच्या हाका आणि त्यांची उत्तरे ऐकू येत होती, तेवढ्याने पाय चालत राहिले. मनीषा दोन माणसांच्या उंचीएवढ्या खोल घळीत बसली होती, घोटा सुजून दुधीएवढा, कपाळ खरचटलेले. तिची सायकल वर करवंदीत अडकली आणि ती एकटीच खाली पडली होती. ते दोघे तिला वर ओढण्यात दमून गेले होते. ओढू नका म्हटले. घळीच्या खालच्या तोंडाने गुरे पाण्यावर उतरतात, तिथून घ्या, वळसा पडेल पण चढ नाही.

पाणी पिऊन मनीषा म्हणाली, "आजी, आमचंच मोजायचं चुकलं असणार."

तेवढ्यावर गप्प बसता आले असते. ते दोघे मान डोलवत होतेच. मी खूप दमले होते, आणि दमलेल्या माणसाला खोटे सोपे पडते.

"नाय बाय," मी म्हटले, "तू नीट मोजलंस. मी भारा घेऊन उतरतानाचं सांगितलं."

तिला ते लगेच कळले नाही. मग तिने माझ्या डोक्याकडे पाहिले, जिथे आता काही नव्हते, आणि विचारले, "चढताना कधी मोजलेच नाहीत?"

"चढताना कशाला मोजू?"

त्या दोघांनी तिला आळीपाळीने पाठीवर घेतले, सुनंदा वाट दाखवत पुढे. त्यांच्या सायकली ते नंतर नेणार होते. मनीषाची मी घेतली. तिचे चाक धड होते, आणि मला काहीतरी धरायला हवे होते.

सायकल हलकी होती, भाऱ्याच्या मानाने काहीच नाही. उतारावर ती पुढे ओढायची, मी मागे. ऊन डोंगराआड चालले होते, खालून राबाचा धूर वर येत होता. धोंडा आला की मी सायकल त्याला टेकवायची आणि उभी राहायची. तीन धोंडे, तीनदा. शेवटच्याशी अंगण दिसू लागले. मनीषाला गाडीत बसवत होते. सुनंदा वर बघून हात करत होती, लवकर या म्हणून.

मी आणखी थोडा वेळ टेकून राहिले.