आईसाठी गोल्फची गाडी

आईचे गुडघे गेले, बाजार सुटला. म्हणून बाबांनी कॉटन ग्रीनच्या भंगारवाल्याकडून गोल्फच्या मैदानावर फिरणारी एक जुनी, बॅटरीवरची गाडी आणली. बाबा गिरणीतले फिटर. घोडपदेवला आमच्या चाळीच्या चौकात ते तीन महिने त्या गाडीखाली आडवे पडून होते. गंज घासला, बॅटऱ्या बदलल्या, मोटर उघडून पुन्हा बसवली.

एका रविवारी ते म्हणाले, "बस गो, बाजारात जाऊया."

सगळी चाळ गॅलरीत जमली. बाबांनी पायाने पेडल दाबलं आणि गाडी सुसाट मागे गेली, थेट वाळत घातलेल्या कपड्यांत. आईच्या डोक्यावर शेजारणीची ओली साडी आली.

"मोटरच्या वायरी उलट्या लागल्या वाटतं," बाबा पुटपुटले. "उतर, खोलून बघतो."

"आणखी तीन महिने?" आई जागची हलली नाही. "गाडी फिरवा. बाजाराकडे पाठ करा आणि चला!"

आम्ही तसेच निघालो. बाबा मान वळवून चालवत होते आणि मी "बाजूला व्हा" म्हणून ओरडत होतो. आईने बसल्या जागेवरून बोंबील घेतले, तेही घासाघीस करून. कितीतरी दिवसांनी ती इतकी खुशीत दिसली.

दुसऱ्या दिवशी बाबांनी वायरी सुलट लावल्या. त्या कामाला दहा मिनिटं लागली.