सुधारणेपुरतं उद्यान

कंडक्टर काकूंनी एकतीस वर्षं शहर बसमध्ये तिकिटं फाडली. सुट्ट्या पैशांवरून भांडणारे, दारात लोंबकळणारे, तिकीट चुकवायला झोपेचं सोंग घेणारे, सगळ्यांना त्यांनी सरळ केलं होतं. निवृत्त झाल्यावर नव्या वसाहतीत फ्लॅट घेतला, तेव्हा आता कुणाशी घसा फोडायची वेळ येणार नाही अशी त्यांची भाबडी समजूत होती.

मग काकांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, "रोज अर्धा तास सपाट जागेवर चाला." रस्त्यावर दिवसभर खडीचे डंपर. राहता राहिलं इमारतीखालचं पार्किंग. तिथे काका दोन गाड्यांमधून अंग चोरून फेऱ्या मारायचे. वसाहतीच्या नकाशात मात्र समोर मोठा हिरवा चौकोन होता. प्रत्यक्षात त्या चौकोनात राडारोडा आणि कमरेएवढं गवत.

काकू पालिकेच्या उद्यान विभागात गेल्या. कारकून भला माणूस होता, हाच सगळा त्रास. तो भांडायचा नाही, फक्त समजावून सांगायचा.

"काकू, तुमच्या वसाहतीत दर घरामागे उद्यान शुल्क घेतलंय. निधी पडून आहे."

"मग बनवा ना उद्यान!"

"हा निधी उद्यानाच्या सुधारणेचा. तिथे उद्यानच नाही, तर सुधारणा कशाची करणार?"

"मग उद्यान कोण करणार?"

"त्याला वेगळा निधी लागतो."

"तो कुठाय?"

"तो नाही."

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण समोरचा माणूस चहा पुढे करत होता, ओरडायचं कुणावर?

पुढचे आठ महिने त्यांनी त्या कचेरीचे जिने झिजवले. कधी साहेब मीटिंगला. कधी साहेबांची बदली. एकदा अर्ज परत आला, कारण 'उद्यानातील झाडांची गणना जोडलेली नाही'. काकूंनी तिथल्या तिथे पेन मागितलं आणि रकान्यात लिहिलं, 'शून्य'. तर कारकून म्हणाला, शून्याला वृक्ष अधिकाऱ्याची सही लागेल. ती सही मिळायला सात आठवडे लागले.

घरी काका म्हणायचे, "सोड ना आता."

"का सोडू? पैसे घेताना उद्यान दिसत होतं त्यांना?"

शेवटी एका दुपारी काकूंनी कारकुनासमोर बसकणच मारली. "मला एवढंच सांगा, तुमच्या कागदात उद्यान कशाला म्हणतात?"

त्याने कपाटातून परिपत्रक काढलं. 'लोकांच्या वापरात असलेली, बसण्याची सोय असलेली मोकळी जागा.'

"एवढंच?"

"एवढंच. झाडांचा उल्लेख नाही," तो जरा ओशाळून म्हणाला.

काकू थेट आपल्या जुन्या बस डेपोत गेल्या. तिथल्या मेकॅनिककडून त्यांनी भंगारातली दोन माणसांची बसची सीट रीतसर पावती करून घेतली. शेजारणींनी गवत कापलं, काकांनी वरून सूचना दिल्या आणि गवंड्याने सीटचे पाय सिमेंटमध्ये पक्के केले. संध्याकाळी तिथे बसायला रांग लागली.

काकूंच्या नव्या अर्जावरून पंधरा दिवसांनी उद्यान निरीक्षक आला. उन्हात फिरून दमला आणि सीटवर टेकला. "याला बाक म्हणता यायचं नाही हो."

"बसलात ना? मग सोय आहे असं लिहा," काकू म्हणाल्या. त्याने लिहिलं.

मंजुरीचं पत्र आलं तेव्हा इमारतीत पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. काकूंनी चष्मा लावून कामांची यादी वाचली. पहिलंच काम, 'विद्यमान विनापरवाना आसन काढून टाकणे.'

त्या रिक्षा करून कचेरीत पोचल्या. "अहो, ते आसन काढलंत की ते उद्यान राहत नाही. उद्यान राहिलं नाही की सुधारणा नाही. सुधारणा नाही की निधी परत. मग मी पुन्हा इथे. आहे तयारी?"

कारकुनाने पत्र पुन्हा वाचलं. 'मी पुन्हा इथे' हे त्याला सगळ्यात जास्त पटलं असावं. साहेबांकडे जाऊन त्याने ती ओळ रद्द करून आणली.

पायवाट व्हायला आणखी सहा महिने गेले. आधी फरश्या आल्या, त्या बसवून झाल्यावर पाण्याची पाइपलाइन टाकायची राहिल्याचं कुणाला तरी आठवलं, मग अर्ध्या उखडल्या. काकूंनी तेव्हा फक्त कपाळाला हात लावला.

पायवाट खुली झाली त्या सकाळी काकू काकांना न्यायला आल्या. काका पार्किंगमध्येच फेऱ्या मारत होते, वॉचमनशी गप्पा मारत.

"चला, झालं एकदाचं."

"मला इथलीच सवय झालीय गं," काका म्हणाले. "तिथे ऊन फार."

काकूंकडे बोलण्यासारखं बरंच होतं, पण वॉचमन समोर होता. त्या एकट्याच गेल्या. तिघी-चौघी बायका आधीच चालत होत्या, एक बाळाची गाडी ढकलत होती. काकूंनी दोन फेऱ्या मारल्या. काकांचं एक मात्र खरं होतं, सावली कुठेच नव्हती. झाडं लावण्याचा निधी वेगळा असणार, हे त्यांना आता कुणी सांगायची गरज नव्हती. घरी जाऊन त्यांनी कोरा कागद घेतला, आणि मनातल्या मनात चार शिव्या हासडून अर्ज लिहायला बसल्या.